दिवसा सांगायची नसते

मोहापोड, केंद्र मुकुटबन
९ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

घरचं फोनवर बोलायचं आणि शाळेचं पत्रात लिहायचं, हा तुमचा नियम आजपासून पाळते. जो शिक्षक वर्षभर हजेरी आणि माहितीशिवाय काही लिहीत नाही तो मुलांना लिहायला काय शिकवणार, असं तुम्ही म्हणालात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मामाभाची एका जिल्ह्यात राहून टपालानं बोलान, तर लोकं म्हनतीन भांडले."

तुमच्या कार्यालयाची पुस्तकपेटी पोचली. मुकुटबनच्या केंद्रशाळेतून मारोतराव सरांनी ती मोटरसायकलवर आणली. नाल्याला पाणी होतं. गाडी अलीकडे ठेवून, पेटी डोक्यावर घेऊन ते पार झाले आणि व्हरांड्यात टेकवत म्हणाले, "पुस्तकं कोरडी आहेत मॅडम. मुख्याध्यापक ओला आहे." शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरची मुलं येतात आणि शेजारच्या वस्तीतली शेतकऱ्यांची. पहिली ते चौथी सगळी एका मोठ्या खोलीत बसतात.

गोष्टीचा तास तुमच्या पत्रकाप्रमाणे सुरू केला आहे. आधी मी पुस्तकातून वाचून दाखवते, मग मुलांनी घरी ऐकलेली गोष्ट सांगायची, मग त्यांचं वाचन, शेवटी लेखन. वाचन मुलं मन लावून ऐकतात. पुस्तक हातात घेण्याआधी हात चड्डीला पुसतात. चौथीतल्या रवीने वाघाचं पुस्तक इतक्यांदा मागितलं की बाकीच्यांनी त्याचं नाव वाघ ठेवलं.

पण दुसऱ्या भागाला शाळा मुकी होते. "आता तुम्ही सांगा" म्हटलं की मुलं जमिनीकडे बघतात. लाजतात असं म्हणावं तर एरवी त्यांच्या बडबडीने माझं डोकं दुखतं. तुम्ही जिल्हाभर हा तास लावला आहे. कुठे असं झालं का?

तुमची
ममता


यवतमाळ
१८ ऑगस्ट २०२४

चि. ममता,
मंगल कामना.

पत्र मिळाले. मुख्याध्यापकांबद्दलचे वाक्य मी कार्यालयात वाचून दाखवले. ते चांगले आहे, कारण त्यात तू काही सुचवत नाहीस.

मुले गोष्ट सांगत नाहीत याचे कारण भाषा असणार. पोडावरची मुले घरी कोलामी बोलतात. शाळेत आल्यावर आपण त्यांच्याकडे मराठी गोष्ट मागतो. त्यांना त्यांच्या भाषेत सांगू दे. तुला समजले नाही तर दुसरे मूल मराठीत सांगेल. दोन्ही भाषांचा सराव होईल. दिग्रस आणि दारव्ह्याकडूनही दोन-तीन शाळांनी "मुले बोलत नाहीत" असे कळवले आहे. तिथे तांड्यावरची मुले आहेत. त्यांनाही मी हेच लिहिले.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पेट्या शाळांच्या मानाने फार कमी आहेत. जानेवारीत पाहणी होईल. ज्या शाळेचा तोंडी रकाना, म्हणजे मुलांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींचा, कोरा असेल तिथली पेटी पुढच्या शाळेकडे जाईल आणि त्या शाळेला अक्षरे गिरवायचे सराव-संच मिळतील. बैठकीत हा नियम मीच मांडला. मांडताना माझ्या डोळ्यापुढे भाचीची शाळा नव्हती. आता आहे, म्हणून तो बदलता येणार नाही. हे तुला समजेल.

धम्मरत्न


मोहापोड
१३ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
जय भीम.

नियम समजला. रवीला अजून समजावला नाही. पेटीला कुलूप नाही, म्हणून तो रोज शाळा सुटताना तिच्या झाकणावर दगड ठेवून जातो.

तुमचं कारण चुकलं. मी मुलांना म्हटलं, कोलामीत सांगा. तरी कोणी बोललं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वैष्णवीही गप्प असते. ती वस्तीवरची, तिच्या घरी मराठीच बोलतात, आणि ती इतकी बोलते की तिची आजी तिला शाळेत सोडताना सुटकेचा निःश्वास टाकते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काहून सांगत नाहीस?"

ती म्हणाली, "मॅडम, दिवसा कहानी सांगतली का मामा रस्ता चुकते."

मी वर्गात विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. रवीचा मामा मोटरसायकलवरून आदिलाबादला जाऊन-येऊन असतो. वैष्णवीचा मामा ट्रकवर आहे. कोणाचा वरोऱ्याला, कोणाचा पुसदला. प्रत्येकाचा मामा कुठल्या तरी रस्त्यावर आहे आणि त्याला चुकवायला कोणी तयार नाही. पोडावरच्या आणि वस्तीवरच्या मुलांचं बाकी कशातही एकमत होत नाही. यात झालं.

मी म्हटलं, मी तर रोज दिवसाच गोष्ट वाचते. तर वैष्णवी म्हणाली, ती पुस्तकातली आहे, वाचलेली आहे, सांगितलेली नाही. जुलैपासून वाचून राह्यल्या तुम्ही, कोणाचा मामा चुकला काय?

फक्त एक मुलगी सांगते. गंगी. चौथीत आहे, पोडावरची. तिची आई एकुलती एक, म्हणून तिला मामा नाही. याच्यावरून मुलं तिला चिडवायची, तुह्या लग्नात मागं कोन उभा राहीन? ती नुसती ऐकून घ्यायची. आता वर्गात दिवसा गोष्ट सांगू शकणारी एकटी तीच आहे. परवा तिने अस्वलाची गोष्ट सांगितली. आधी कोलामीत, मग मराठीत. उभी राहून, हात मागे बांधून, अजिबात न अडखळता. वैष्णवी मला हळूच म्हणाली, "हिचं बरं आहे."

एका मुलीच्या जिवावर तोंडी रकाना भरतो का?

तुमची
ममता


यवतमाळ
२४ सप्टेंबर २०२४

चि. ममता,
मंगल कामना.

भरत नाही. निम्म्याहून अधिक मुले बोलली पाहिजेत.

तुझे पत्र वाचून मला थोडा राग आला. मुलांचा नाही, तुझा. तू ही समजूत अशी लिहिली आहेस की जणू ती एखादी गोड गोष्ट आहे. आपल्या घरातून छप्पन साली असल्या गोष्टी बाहेर गेल्या त्या परत यायला नकोत म्हणून तुझ्या आजोबांनी काय काय सोसले ते तुला माहीत आहे. तिकडच्या मुलांच्या डोक्यात हे बसले आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण शिक्षकाने ते काढायचे असते.

उपाय सोपा आहे. प्रयोग कर. तू स्वतः भर दिवसा, पुस्तक न घेता, एक गोष्ट सांग. तुला मामा आहे. तो चुकतो का ते मुलांना बघू दे. मी रात्री फोन करून सुखरूप असल्याचे कळवीन.

धम्मरत्न


मोहापोड
१९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामा,
जय भीम.

प्रयोग केला. दुपारी बारा वाजता, मैदानात, उन्हात. गोष्ट सांगताना पहिली-दुसरीची मुलं माझ्याकडे असं बघत होती की जणू मी विहिरीच्या काठावर उभी आहे. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझे मामा नीट आहेत, फोन आला होता. रवीने विचारलं, "मामा कुठं होते मॅडम?" म्हटलं, यवतमाळला, घरीच. तर तो म्हणाला, "घरी बसला मामा कसा चुकीन?"

 मारोतराव सर व्हरांड्यातून ऐकत होते. म्हणाले, "प्रयोग बरोबर आहे मॅडम. फक्त मामा चालू पाह्यजे."

आणखी एक. तुम्ही "तिकडच्या मुलांच्या डोक्यात" असं लिहिलं होतं. रविवारी आईशी बोलताना मी हे सांगितलं. आई खूप हसली. मग म्हणाली, "तुह्या मामाले विचार. दिग्रसले आमी दुपारी निंबाखाली बसत होतो. मी कहानी सांगू लागली का कानात बोटं कोन घालत होता? आर्णीहून आमचा मामा बैलगाडीनं येनार असला का हा मले बोलू बी देत नव्हता." मी तुम्हाला विचारत नाही. फक्त आईने विचार म्हटलं, म्हणून लिहिलं.

आता खरी बातमी. प्रयोग फसल्यावर मुलांचीच बैठक बसली. सांगितलेली चालत नाही, वाचलेली चालते. मग लिहिलेली? वैष्णवी चालते म्हणाली. रवी म्हणाला, लिहिताना मनात सांगावं लागते. दोन दिवस हाच वाद. शेवटी रवीच्या आजोबांकडे गेले. डोमाजी आजोबा पोडावर जेवणं झाल्यावर अंगणात गोष्टी सांगतात. ते चिलीम भरत म्हणाले म्हणे, लिहिलेलं मामाच्या कानात जात नाही, आन त्याची गाडी बी थांबत नाही. लिहा.

आणि मुलं लिहायला लागली. संध्याकाळी घरी ऐकतात, सकाळी येऊन लिहितात. कोणाला सांगावं लागत नाही. पहिलीची मुलं चित्र काढून खाली एखादा शब्द लिहितात आणि बाकीचं मोठ्यांकडून लिहून घेतात, पण कानात कुजबुजत, बाहेर आवाज जाऊ न देता. रवीचं असं आहे:

"अस्वल मोहाच्या झाडाखाली आलं. ते म्हणलं मी फक्त वास घ्यायला आलो. मग ते झोपलं. सकाळी त्याले कोणी विचारलं तर ते म्हणे मी झाड राखून राह्यलो."

तुमच्या पत्रकात लेखन शेवटी आहे. आमच्याकडे ते मधलं सगळं सोडून पुढे पळालं आहे. आता काय करू?

दिवाळीच्या आधी कापूस वेचायला निम्मी मुलं जातील. गंगी म्हणते ती वेचता वेचता सगळ्यांना गोष्टी सांगेल, तिला चालतं.

तुमची
ममता


यवतमाळ
२८ नोव्हेंबर २०२४

चि. ममता,
मंगल कामना.

उत्तराला उशीर झाला. निवडणुकीच्या कामात सगळे कार्यालय होते, तूही असशील.

रवीचे वाक्य मी माझ्या टेबलावरच्या काचेखाली ठेवले आहे. "मी झाड राखून राह्यलो." त्याची भाषा दुरुस्त करू नकोस. त्याला प्रमाण मराठी पुस्तकांतून येईलच, ती घाई आपली आहे.

पण रकाना तोंडीच आहे. आधी बोलणे, मग लिहिणे, हा क्रम मी ठरवला नाही. तो सगळीकडे तसाच आहे आणि त्याला कारण आहे. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्याकडून लिहून घेतले तर ते नक्कल करते, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले. तुझी मुले नक्कल करत नाहीत हे मला दिसते. माझ्या शेजारी बसणाऱ्यांना ते कागदावरून दिसणार नाही. तीन शाळा तुझ्या पेटीची वाट बघत आहेत.

तुझ्या झरी तालुक्याची पाहणी मी स्वतःकडे मागून घेतली. लोक म्हणतील भाचीसाठी. उलट आहे. रकाना कोरा राहिला तर पेटी दुसऱ्याने उचलण्यापेक्षा मी उचललेली बरी.

मारोतरावांना सांग की त्यांचे म्हणणे शास्त्रीय आहे. मामा चालू पाहिजे. २१ जानेवारीला मी सकाळच्या बसने पांढरकवड्यावरून मुकुटबनला येईन, आणि तिथून केंद्रशाळेतल्या कोणाची तरी गाडी घेऊन साडेअकराला तुझ्या शाळेत असेन. त्या दिवशी सकाळी तू मुलांना गोष्ट सांग. पुस्तक न घेता. मी वेळेवर दारात उभा राहीन. मग मुलांची तोंडे उघडतील आणि दोन्ही प्रश्न एकदम मिटतील. मला घ्यायला कोणी येऊ नये, नाहीतर प्रयोगाला अर्थ राहणार नाही.

तुझ्या आईची, नलूताईची, स्मरणशक्ती चांगली आहे. तिला सांग, मी तेव्हा दुसरीत होतो.

धम्मरत्न


मोहापोड
२३ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

तुम्ही परवा निघताना पेटीबद्दल एक शब्द बोलला नाहीत. फोन करणार होते, पण नियम आठवला. शाळेचं आहे, म्हणून लिहिते. तुम्ही येण्याआधी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, तेही लिहिते.

सकाळी प्रार्थना झाली आणि मी गोष्ट सांगितली. हत्तीची. मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज माझे मामा रस्त्यावर आहेत, ते साडेअकराला येतील, तुम्ही बघा. आणखी एक सांगितलं. म्हटलं, त्यांना सर म्हणू नका. सर म्हटलं की तुमची तोंडं शिवली जातात. माझे मामा म्हणजे तुमचेही मामा. सगळ्यांनी मामाच म्हणा.

साडेअकरा वाजले. बारा वाजले.  एकेक जण पाणी प्यायचं निमित्त काढून फाटकापर्यंत जाऊन यायचा. खिचडी झाली. मारोतराव सर तुम्हाला शोधायला निघाले तर मी अडवलं, प्रयोग आहे म्हटलं. ते म्हणाले, "प्रयोग पुरा झाला मॅडम. आता मामा आना." फोन लावला तर तुमचा लागेना. पहिलीतली एक मुलगी रडायला लागली. वैष्णवी तिला समजावत होती, मोठे लोक चुकले तरी सापडतात म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगतली न."

मामा, मला तेव्हा पेटी आठवत नव्हती. तुम्ही कुठल्या ट्रकखाली तर आला नाहीत ना, एवढंच मनात होतं. माझाही हात फाटकावर होता. शेवटी तुम्ही आलात, पुढचं तुम्ही पाहिलंच.

गंगीबद्दल मात्र वाईट वाटतं. एकटीच्या भरवशावर होते मी. तुम्ही तिला गोष्ट सांग म्हणालात आणि ती खाली मान घालून उभी राहिली. चार महिने एक दिवस न चुकता सांगणारी मुलगी. मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "आज नाही." तुमच्या फायलीला भ्याली असेल. तिच्या नावापुढे कोरं लिहू नका, एवढं मागते. पेटीचं काय ते कळवा. रवीने आज झाकणावर दोन दगड ठेवले.

तुमची
ममता


यवतमाळ
३० जानेवारी २०२५

चि. ममता,
मंगल कामना.

आधी माझ्या बाजूचे सांगतो. मुकुटबनला वेळेवर उतरलो. केंद्रशाळेतून गाडी घेतली. फाट्यावर दोन रस्ते होते. एक कच्चा, एक रुंद आणि नवा. फोनला विचारले, तर त्याला रेंज नव्हती. रुंद रस्ता शाळेकडेच जाईल असे मी गृहीत धरले. तो खडीच्या खाणीवर गेला. तिथल्या चौकीदाराने हात करून एक दिशा दाखवली. त्या दिशेने एक शेत, मग दुसरे शेत, मग वाट संपली. तूर कापत असलेल्या बाईला विचारले. ती म्हणाली, "शाळा तं मागं राह्यली भाऊ." मागे आलो तो पुन्हा खाणीवर. चौकीदार हसला नाही, याचे मला जास्त वाईट वाटले.

शेतांतून उन्हात गाडी ढकलताना मी स्वतःला सांगत होतो की नवा रस्ता, फोन आणि माझा आळस यामुळे हे झाले. ते खरेच आहे. आजही तेच म्हणेन. पण फाटकाशी आलो, सगळी शाळा दारात उभी होती आणि कोणीही हसत नव्हते. पहिलीतल्या त्या मुलीने येऊन माझा शर्ट धरला. मी आलो आहे याची तिला खात्री करून घ्यायची होती. मला दुसरीतला कोणीतरी आठवला.

पुढचे तू पाहिलेस, पण मला जसे दिसले तसे लिहितो. रवीने विचारले, "मामा, कुठून चुकले?" मी म्हणालो, फाट्यावरून. कोणता फाटा? मी सांगू लागलो. तो म्हणाला, तो फाटा नव्हेच. वैष्णवी म्हणाली, तोच, पण पळसाच्या आधीचा. मग पोडावरची मुले एकीकडे आणि वस्तीवरची दुसरीकडे. मोहापोडला यायला कोणती वाट खरी, यावर त्यांनी माझ्यापुढे जे भांडण केले तसे मी आमच्या बैठकीतही ऐकलेले नाही. कोणी खडूने फरशीवर नाला काढला. कोणी म्हणाले, नाला इकडे वळते. सगळ्यांत लहान मुलाने मला समजावले की मोठे दगड दिसले की ते डाव्या हाताला ठेवायचे, आणि माझा डावा हात कोणता ते धरून दाखवला. दोघांनी कोलामीत वाद घालून मग मला निकाल मराठीत सांगितला. मी मध्येमध्ये विचारत होतो, आणि खरेच विचारत होतो, कारण मला परत जायचे होते.

फाईल उघडायचे भान मला उशिरा आले. तेव्हा एकच मूल बोलायचे राहिले होते, गंगी.

गोष्ट सांगणे आणि वाट सांगणे यांत वाट सांगणे सोपे नाही. त्यात आधी काय, नंतर काय, कशानंतर कुठे वळायचे, ऐकणाऱ्याला काय माहीत नाही, हे सगळे लागते. आम्ही इतके महिने मुलांना जे विचारले त्याचे उत्तर आम्हाला नको होते. आम्हाला फक्त त्यांनी बोलायला हवे होते. मुलांना ते कळते.

तोंडी रकाना भरला आहे. मी लिहिले, "मुलांनी पाहणी अधिकाऱ्याला शाळेची वाट सांगितली." शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, हे काय? मी म्हणालो, जे झाले ते. वाद झाला. मी फरशीवरच्या नकाशाचा फोटो दाखवला. पेटी तुझ्याकडेच राहील. रवीला सांग, एक दगड पुरे.

पत्रकही बदलले. फेब्रुवारीपासून सगळ्या शाळांना जाईल. घरची गोष्ट मुलांनी सांगावी किंवा लिहून आणावी, जे त्यांना चालत असेल ते. आणि तोंडी भागात शिक्षकाने ज्याचे उत्तर त्याला खरोखर ठाऊक नाही असेच विचारावे. दिग्रस आणि दारव्ह्याच्या त्या शाळांना मी फोन केला. मुलांना मामाबद्दल विचारा म्हणालो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे उत्तर आले. तिकडेही तेच. मी त्यांना भाषा असे कारण कळवून मोकळा झालो होतो.

ही समजूत मी मानत नाही. मुलांना कधीतरी तू शांतपणे सांगशीलच. घाई नको.

गंगीच्या नावापुढे मी काही लिहिले नाही. कोरेही नाही. ती फायलीला भ्याली असे मला वाटत नाही. ती माझ्याकडे सरळ बघत होती. मी गाडी चालू केली तेव्हा फाट्यापर्यंत माझ्या मागे चालत आली, आणि मी बरोबर वाटेला लागेपर्यंत तिथे उभी राहिली. तिला काय झाले होते, हे तुला कळले तर कळव. हेही मला खरोखर ठाऊक नाही.

धम्मरत्न


मोहापोड
८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. खाणीपाशी तुम्ही दुसऱ्यांदा पोचलात तेव्हा रवीने कपाळावर हात मारला. पेटीचं ऐकल्यावर तो उठून गेला, एक दगड उचलून बाहेर ठेवून आला आणि परत बसला.

वैष्णवीने विचारलं की नवीन पत्रक सगळ्या जिल्ह्यात जाणार तर मोहापोडचं नाव त्यात आहे का. नाही म्हटलं. ती म्हणाली, मग लोकं कसे येतीन?

गंगीबद्दल तुम्ही विचारलंत तेही वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवशी तिने हा कागद दिला. मी त्यात काही दुरुस्त केलेलं नाही.

तुमची
ममता


मामा,

जय भीम. मॅडमनं सांगतलं असं लिहायचं.

मी गंगी. चौथी. मी रोज दिवसा कहाणी सांगत होती कारण मले मामा नव्हता. त्या दिवशी मॅडम म्हणल्या माझे मामा ते तुमचे मामा. सगळ्यांनी म्हणलं. मी बी म्हणलं.

मग तुम्ही चुकले. मॅडमनं सांगतली म्हणून.

मग तुम्ही आले अन मले म्हणले गंगी तू सांग. मले येत होती. कोल्ह्याची येत होती. पण तुम्हाले परत जायचं होतं. म्हणून मी नाही सांगतली.

आता मी दिवसा सांगत नाही. पोरी म्हणतात आता तुले बी नाही चालत. मी म्हणते हो नाही चालत.

कोल्ह्याची मागच्या बाजूनं लिहिली आहे. कागदावर आहे म्हणून दिवसा वाचली तरी चालते.

त्या दिवशी घरी नीट पोचले काय, ते लिहा.

गंगी